शेपटीवाली आई

माझ्या नणंदबाईंना घरात सगळे मुखदुर्बळ समजतात. दातांच्या दवाखान्यात त्या कित्येक वर्षं टेबलापाशी बसून नंबर लावतात, फोन घेतात आणि कण्हणाऱ्या माणसांना "बसा" म्हणतात. लग्न केलं नाही, त्यामुळे "बिचारी" ही पदवी त्यांना घरातून फुकट मिळालेली. देणाऱ्यांत मी आघाडीवर.

लेकीच्या दातांना तारा बसवल्यापासून आमची तिथे दरमहा फेरी असते. परवा बाकावर एक गाल सुजलेला गृहस्थ कसलंसं मासिक वाचून इतका हसत होता की कळ येऊन डोळ्यांत पाणी आलं, तरी मासिक सोडेना. त्याला आत बोलावलं तेव्हा मी ते उचललं.

गोष्ट होती एका राक्षसाची. त्याचा सुळा किडतो, माणसं चावता येईनात, म्हणून तो माणसांच्याच वैद्याकडे जातो. वैद्य सुरुवातीलाच "झालंच, झालंच" म्हणतो आणि दिवस मावळतो. सोबत राक्षसाची आई. ती सारखी ओरडते, "पोचलास का? पोचलास तर सांगितलं का नाहीस?" मुलगा तिच्या मांडीला मांडी लावून बसलेला!

मी खळखळून हसले. मग ती ओळ पुन्हा वाचली. हे वाक्य माझं. लेक क्लासहून परस्पर इथे येते तेव्हा मी दवाखान्यात फोन करून हेच विचारते. आणि तो फोन उचलतं कोण? लेखकाच्या जागी नुसतं 'एक भूत' छापलं होतं. भूत समोर बसून पेन्सिलीला टोक करत होतं.

"वन्सं, ही राक्षसीण कोण?"

"कल्पना आहे हो, वहिनी. तिला शेपटी आहे. तुम्हाला आहे का?"

मुखदुर्बळ म्हणे!

"आणि वैद्य? डॉक्टरांनी वाचलं तर घरी बसवतील तुम्हाला!"

"कळतंय. पण इथे ठेवल्याशिवाय राहवत नाही. लोक हसताना दिसतात ना."

तेवढ्यात डॉक्टरच बाहेर आले. "काय वाचून हसताय सगळे? बघू," म्हणत त्यांनी माझ्या हातातलं मासिक घेतलं आणि उभ्याउभ्याच वाचू लागले. वन्संचा चेहरा पांढराफटक. या वयात दुसरी नोकरी कोण देणार? माझ्या काळजीला एरवी निमित्त लागत नाही. आज चक्क खरं निमित्त होतं.

डॉक्टरांचे खांदे हलू लागले.

"अहो, हा तर मागच्या गल्लीतला दातवाला! हुबेहूब! 'झालंच' म्हणतो आणि पेशंट अर्धा दिवस आ वासून!"

आतून गालवाला कळवळला.

"झालंच, झालंच!" डॉक्टर ओरडले. मग वन्संकडे वळून म्हणाले, "हा लेखक शोधून काढा बरं. सत्कार केला पाहिजे."

"शोधते, सर," वन्सं खाली मान घालून म्हणाल्या.

मला डॉक्टरांची कीव आली. एवढा शिकलेला माणूस, आणि स्वतःला ओळखू नये!

लेकीच्या तारा आवळून झाल्यावर आम्ही निघालो. रस्ता ओलांडताना मी तिचं मनगट घट्ट धरलं. "दुखतंय का? दुखतंय तर सांगितलं का नाहीस?"

आत्याच्या सगळ्या गोष्टी तिने केव्हाच वाचल्या होत्या.

"आई," ती तारांमधून म्हणाली, "शेपटी आवर. गाडी जाईल वरून."