टिचबटणांच्या मावशी

बटण दाबताना मावशी डोळे मिटत. "डोळं फसत्यात ताई, अंगठा न्हाई," म्हणत आणि पुढचं जाकीट ओढत.

कान्हे गावातल्या आमच्या शेडमध्ये घाटरस्त्यावर काम करणाऱ्यांसाठी दिव्यांची जाकिटं शिवतात. धुक्यात ती लुकलुकताना तुम्हीही पाहिली असतील. कापडातच वीज वाहून नेणारा दोरा विणलेला असतो आणि बॅटरीची डबी त्याला टिचबटणांनी जोडलेली असते. धुताना काढायची, पुन्हा लावायची. बटण सैल राहिलं की दिवे बंद, मग मागून येणाऱ्या ट्रकला माणूस दिसत नाही. ही बटणं तपासायचं काम भाजे गावाहून येणाऱ्या या मावशींचं. मी त्यांची सुपरवायझर, म्हणजे कागदोपत्री.

एकदा पुण्याहून आलेल्या इंजिनिअरने सांगितलं, नवी बटणं मशीनमध्ये कितीही धुवा, टिकतात. मावशींनी ऐकून घेतलं. एक जाकीट घरी नेलं आणि दुसऱ्या दिवशी ओलंच त्याच्या टेबलावर आणून ठेवलं. दगडावर आपटून धुतलेलं. दोन बटणं कामातून गेलेली.

"असं कुणी धुतं का?" तो वैतागला.

"मग घाटातल्या मानसांच्या बायका कशा धुत्यात?"

बिचाऱ्याने सगळ्या जाकिटांसाठी बटणच बदललं. त्या दिवशी मावशींनी चहात साखर जास्त मागितली, तेवढाच काय तो त्यांचा विजयोत्सव.

अशी वर्षं गेली. दाबून दाबून अंगठ्याची कातडी चपलेच्या तळासारखी झाली. गेल्या दिवाळीनंतर त्यांनी पास केलेल्या ढिगात मला सैल बटणं सापडायला लागली. हे काम सुटलं तर या वयात दुसरं कोण देणार, म्हणून मी काही बोलले नाही. सुट्टी झाल्यावर मागे थांबायचं, त्यांचा ढीग पुन्हा तपासायचा, अंग मोडून आलं की घरी जायचं. याला मी माया समजत होते.

एक दिवस विसरलेला डबा न्यायला मावशी परत आल्या. माझ्यापुढे बाजूला काढलेली जाकिटं होती. त्यांनी एक उचललं, डोळे मिटून दाबलं. पुन्हा दाबलं.

"मला तर लागल्यालं वाटतंय."

मी डबी हलकेच ओढली, ती सुटून हातात आली.

"कवापास्नं चाललंय हे?"

"दिवाळीपासून."

त्या स्टुलावर बसल्या. "मदी चार दिस तुमी रजेवर व्हता. तवाची कुणी तपासली?"

कुणीच नाही. ती घाटात गेली होती.

"मला सांगायचं तरी, ताई," एवढंच त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत, नंतरही नाहीत. घाटात गेलेल्या त्या जाकिटांबद्दल मी तेव्हाही वर कुणाला कळवलं नाही.

पंधरा दिवसांनी ठेकेदाराचा माणूस तीन जाकिटं घेऊन आला. म्हणाला, "घाटात एक म्हातारी फिरतीये. दिसंल त्या कामगाराला थांबवती. सोता हात लावत न्हाई. म्हनती, तूच दाबून बघ रं बाबा, माज्या अंगठ्याला आता कळत न्हाई."

मी तिन्ही दाबून पाहिली. तिन्ही सैल होती.

भाज्याला जाऊन मावशींची माफी मागायची आहे. रोज ठरवते, आणि रोज थकून घरी जाते.