तेरवीला न वाचलेलं पान

कॉलेजच्या फॉर्मवर 'इतर काम' असा एक रकाना होता. मी बराच वेळ पेन धरून बसले आणि शेवटी तो रिकामाच सोडला. मी जे करते त्याला नाव नाही. जबलपुरातल्या मराठी घरांत कुणी गेलं की तेरवीच्या दिवशी, जेवणाआधी, त्या माणसाबद्दल पाच-सात मिनिटं मराठीत बोलायचं, एवढंच ते काम. गुरुजींचं काम वेगळं. मंत्र, पिंड, दान यातलं मला काही येत नाही. लोक म्हणतात, "त्या बोलणाऱ्या मुलीला बोलवा," आणि मी जाते.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. बाबा कारखान्यात टर्नर आहेत, आयटीआय झालेले. मराठी मंडळाच्या हॉलमध्ये कार्यक्रम असला की सतरंज्या घालायला ते जायचे आणि मला सोबत न्यायचे, कारण घरी मला बघायला कुणी नव्हतं. हॉलच्या कोपऱ्यात पुस्तकांचं एक कपाट होतं. सतरंज्या घालून होईपर्यंत मी तिथे वाचत बसायची. माझं मराठी तिथलं आहे. शाळा तर सगळी हिंदीतच झाली.

तीन वर्षांपूर्वी एका शोकसभेत नेहमी बोलणाऱ्या आजोबांचा घसा बसला. घरच्यांनी काही ओळी लिहून आणल्या होत्या, पण त्या वाचणार कोण? गेलेल्या बाईंच्या नातवंडांना मराठी कळत होतं, बोलता येत नव्हतं. कुणीतरी म्हणालं, सतरंजीवाल्यांची पोरगी वाचते. कागद माझ्या हातात आला. माझा आवाज थरथरत होता आणि लोकांना वाटलं मी रडते आहे. खरं तर मी घाबरले होते. तेव्हापासून लोक बोलावतात.

मी साधारण आठव्या दिवशी त्या घरी जाते, दुपारी, भेटायला येणारे कमी झाले की. वही घेऊन बसते. तो माणूस कसा होता, हे विचारत नाही. तसं विचारलं की सगळे सारखंच सांगतात. एका घरी मुलगा म्हणाला, "लिहा, वडील मितभाषी होते," आणि आतून त्याच्या आईचा आवाज आला, "मितभाषी! माझे कान किटले होते!" म्हणून मी विचारते, ते घरात कुठे बसायचे? मग सगळे एकाच जागेकडे बघतात, आणि तिथून बोलणं सुरू होतं. लिहून झालं की तेरवीच्या आधी सर्वांत जवळच्या माणसाला वाचून दाखवते. तो म्हणेल ते काढते. का, ते विचारत नाही. हा नियम कुणी शिकवला नाही, मीच केला. एवढ्या दुःखात कारणं कुठे द्यायला लावायची, असं वाटतं.

दुसऱ्यांच्या घरी मी इतकं विचारते, आणि आमच्या घरी काही विचारता येत नाही. मी सहा वर्षांची असताना आई तापात गेली. तिच्या तेरवीला कुणी काही बोललं नाही. बोलायचं असतं हे आमच्यासारख्यांना माहीतच नव्हतं. पुढे मी कधी विचारलं, "आई कशी होती?" तर बाबा म्हणायचे, "चांगली होती," आणि काहीतरी काम काढून उठायचे. मला आईचा हात आठवतो, त्यातली हिरवी बांगडी आठवते. आवाज आठवत नाही. तो आठवायचा मी फार प्रयत्न केला आहे.

मागच्या थंडीत आमच्या शेजारचे काका गेले. बाबांचे मित्र. तीस वर्षं दोघांनी कारखान्याच्या एकाच शॉपमध्ये, म्हणजे खात्यात, काम केलं. निवृत्त झाल्यावर काकांनी गोहलपुरात लेथ टाकली आणि पंपाचे सुटे भाग करायला लागले. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या शर्टाला तेलाचा वास यायचा. अधारतालला आम्ही राहतो तिथे आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत आहे, त्यामुळे काकांचं खोकणंसुद्धा आम्हाला ओळखीचं होतं.

आठव्या दिवशी मी वही घेऊन गेले. काकू पलंगावर बसल्या होत्या. त्यांचा मुलगा हैदराबादहून आला होता. मी विचारलं, "काका कुठे बसायचे?" आणि तो दचकून उठला. तो त्याच खुर्चीत बसला होता.

"बस बाळा, बस," काकू म्हणाल्या. "ते काय आता उठवायला येऊन राहिले?"

तो उभाच राहिला. "दीदी, समझता सब हूँ," तो मला म्हणाला, "बोल नहीं पाता. आप पापा का ठीक से बोल देना."

काकूंनी बरंच सांगितलं. काका चहात बिस्किट बुडवून ते पडलं की कारखान्यातली शिवी द्यायचे. नर्मदेवर ग्वारीघाटाला गेले की पाण्यात उतरायचे नाहीत, काठावरून नमस्कार करायचे, कारण लहानपणी एकदा बुडता बुडता वाचले होते. मग काकू थांबल्या.

"पण तरुणपणीचं मला काय विचारते पोरी? ते दिवसभर तुझ्या बाबांजवळ. त्यांना विचार. माझा नवरा जास्त त्यांनीच वापरला."

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्याच स्वयंपाकघरात, बाबांसमोर, वही उघडून बसले. बाबा मेथी निवडत होते. मला फार अवघडल्यासारखं झालं.

"काकांचं काही सांगा. एखादी गोष्ट."

"त्याचं काय सांगू," बाबा म्हणाले. बऱ्याच काड्या बाजूला गेल्या. "पळायचा चांगला."

"पळायचे? काका?"

"तुझ्या आईच्या सायकलमागे पळाला ना तो. चार रविवार."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. आईला सायकल येत होती, हे मला तेविसाव्या वर्षी कळत होतं. पण मी तिथे काकांसाठी बसले होते. आईबद्दल विचारलं तर ते उठतील अशी भीती होती, म्हणून मी मान खाली घातली आणि नुसती लिहीत राहिले. (ते इथे लिहिते आहे ते बाबांना विचारून.)

आई भंडाऱ्याकडची. लग्न होऊन आली तेव्हा तिला हिंदी येत नव्हतं, ती क्वार्टरबाहेर पडायची नाही. काकूंकडे एक लेडीज सायकल होती. काका म्हणाले, वहिनींना सायकल शिकवू, बाजार स्वतः करतील तर भाषाही येईल. रविवारी सकाळी कारखान्याचा रस्ता मोकळा असायचा. आई पदर खोचून बसायची आणि काका मागचं कॅरिअर धरून पळायचे. एकदा ती नाल्याकाठच्या बेशरमाच्या झुडपात पडली. काका म्हणाले, "वहिनी, बेशरमात पडल्या, आता लाज संपली. चला, बसा!"

"आणि तुम्ही?" मी न राहवून विचारलं.

"मी चहाच्या टपरीजवळ उभा होतो," बाबा म्हणाले. मेथी धुवायला घेऊन गेले.

मी ते सगळं एका पानावर लिहून काढलं. काकांचं भाषण म्हणून लिहिलं, पण लिहिताना मला काका दिसत नव्हते. मला एकच वाटत होतं की हे हॉलमध्ये, माइकवर, मोठ्यानं म्हणायचं. माझ्या आईबद्दल एकदा तरी चार लोकांसमोर काही बोललं जावं. कुणाच्या का तेरवीला असेना.

अकराव्या दिवशी काकूंना वाचून दाखवलं. त्या पहिल्यांदा हसल्या. "अगं, माझीच सायकल होती ती! झुडपातून काढली तर चेन तुटलेली. हे ठेव. बिस्किटाची शिवी काढ, गुरुजी बसले असतात. पण हे ठेव."

चेनचंही पानात लिहून मी आनंदात घरी आले आणि बाबांना सांगून टाकलं की सायकलीचं परवा वाचणार आहे. बाबा दाढी करत होते. त्यांनी आरशातून माझ्याकडे बघितलं.

"तेवढं काढ."

"काकू तर ठेव म्हणाल्या."

"काढ, म्हटलं."

मी का ते विचारलं नाही. पण पान फाडलंही नाही. दोन दिवस मी स्वतःला समजावत होते. माझ्या नियमाप्रमाणे जवळचं माणूस काकू, त्यांनी परवानगी दिली, मग माझं काय चुकलं? इतकं बरोबर होतं ते, की त्याचीच मला शंका यायला लागली. नियम मी दुःखी माणसांसाठी केला होता, आणि आता त्याच्या आडून मला हवं ते मिळवायला बघत होते.

तेराव्या दिवशी हॉल भरला होता. काकांचा फोटो, हार, समोर समई. बाबांनी सकाळीच सतरंज्या घातल्या होत्या आणि ते दारापाशी, चपलांजवळ बसले होते. मी बोलायला लागले. खुर्चीचं, ग्वारीघाटाचं, लेथचं झालं. मग ते पान आलं. मी पहिला शब्द म्हणायला तोंड उघडलं. बाबा माझ्याकडे बघत नव्हते. ते समोरच्या चपला सरळ लावत होते, एक जोड झाला की दुसरा. मी दोन पानं एकदम उलटली. मध्ये जरा थांबल्यासारखं झालं असेल. काकांचा मुलगा रडायला लागला होता, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही.

काकूंच्या आलं. पंगत वाढताना त्यांनी माझा हात धरला. "सायकल खाल्ली का गं तू?"

"बाबा नको म्हणाले."

"काहून?"

"माहीत नाही."

"असाच आहे तो," काकू म्हणाल्या. "तेव्हाही असाच होता. बोलणारं पाखरू आणलं घरात अन् हा मुका." मग त्यांना कुणीतरी हाक मारली.

आई बोलकी होती. हेसुद्धा मला त्या दिवशी, हातात वरणाचं भांडं असताना कळलं.

त्यानंतर आठवडाभर बाबा आणि मी नेहमीसारखेच होतो. डबा, ड्यूटी, कॉलेज. मी रागावले होते का? थोडी असेन. वाचलं असतं तर काय बिघडलं असतं, असं रोज एकदा मनात यायचं. रविवारी सकाळी बाबा अंगणात ऊन घेत बसले होते.

"वाचलं नाहीस तू," ते म्हणाले.

"तुम्ही काढ म्हणालात."

"हो." मग म्हणाले, "आण ते पान. काय लिहिलं बघू दे."

मी त्यांना वाचून दाखवलं. ते ऐकत होते आणि मध्ये मध्ये दुरुस्त करत होते. रविवार चार नाही, पाच (चार त्यांनीच सांगितले होते). चेन तुटली नव्हती, उतरली होती, वहिनी वाढवून सांगतात. 'बाबा लाजून टपरीजवळ उभे राहिले' असं मी लिहिलं होतं. तिथे ते थांबले.

"लाजलो होतो, खरं आहे. टपरीवर शॉपमधले चार जण असायचे. बायकोच्या मागे पळून राहिला, म्हणाले असते. चौथ्या रविवारी घरी आल्यावर ती म्हणाली, पुढच्या वेळी तुम्ही धरा. मी हो म्हटलं."

"मग?"

"मग काय. पाचव्या रविवारी मी ठरवून गेलो. टपरीकडे पाहिलंच नाही. पोचलो तर ती एकटीच चालवून राहिली होती. तुझा काका बाजूला उभा, कमरेवर हात ठेवून. धरायची गरजच नव्हती." बाबांनी चष्मा काढून पुसला. "हे त्या हॉलमध्ये कसं वाचायचं, सांग. त्याचं चांगलं होतं त्यात. माझं नाही."

मी विचारलं, "आईनं तुम्हाला पाहिलं?"

"पाहिलं ना. वळून आली माझ्याजवळ. म्हणाली, बघितलं का?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं, मागच्या चाकात हवा कमी आहे."

मला हसू आलं आणि मग ते थांबलं. बाबाही हसत होते, पण माझ्याकडे न बघता.

"अन् भरलीत का हवा?"

"भरली. मग रोजच भरत होतो. ड्यूटीवर जाताना वहिनींच्या अंगणात जाऊन, पंप घेऊन. तिला बाजारात जायचं असायचं ना."

आई तेव्हा बावीस वर्षांची होती. मी आता तिच्याहून एका वर्षानं मोठी आहे. ती सायकल वळवून परत येते ते मला बघायचं असतं, म्हणून मी घरातल्या एकुलत्या एका फोटोतला तिचा चेहरा त्या सायकलीवर बसवून बघते. तो बसत नाही. फोटो लग्नातला आहे, आणि त्यात तिनं ओठ घट्ट मिटलेले आहेत. बघितलं का, असं म्हणताना तो चेहरा कसा झाला असेल, हे बाबांनाच माहीत. मी अजून विचारलेलं नाही.