बसायची शाळा

दारव्ह्यातल्या त्या खोलीवर पाटी होती 'शीघ्र हस्तक्षेप केंद्र'. पाटी कोणी वाचत नसे. गावात तिला सगळे बसायची शाळा म्हणत, कारण मान धरणं, बसणं, हातात वाटी धरणं ज्यांना आपोआप जमत नाही, ती चिमणी लेकरं तिथे हे शिकायला येत. खोली यवतमाळच्या एका संस्थेची. चालवायची सईदाने.

सईदा ही मोटारसायकली दुरुस्त करणाऱ्या हबीबची बायको. तिचा जमीर चार वर्षांचा होईतो उभा राहिला नव्हता. त्याला काखेत घेऊन एसटीने तिने यवतमाळच्या इतक्या खेपा घातल्या, की शेवटी संस्थेच्या दुधे मॅडमच म्हणाल्या, "सईदा, तू आता शिकायलाच ये." ती शिकली. जमीर भिंत न धरता बापाच्या दुकानापर्यंत चालू लागला, आणि मग सईदाला दुसऱ्यांची लेकरं दिसू लागली.

त्या वर्षी कापसाला भाव नव्हता. वेचलेला कापूस लोकांनी घरातच कोंबून ठेवला होता. कोणाकोणाकडे तर पाय पसरायला जागा उरली नव्हती. आणि इकडे दसऱ्यानंतर बसायच्या शाळेत लेकरंच येईनात. दुधे मॅडम आल्या, रिकाम्या सतरंजीकडे बघत म्हणाल्या, "पुढच्या वर्षाची सुधारणा योजना करायची आहे. असंच राहिलं तर दारव्हा बंद करून यवतमाळला जोडावं लागेल. तिथे साधनं आहेत, डॉक्टर आहेत."

"पण यवतमाळले राखी कशी येईन, मॅडम?"

राखी म्हणजे तांड्यावरच्या मोतीबाईची अडीच वर्षांची पोर. जन्मली तेव्हा रडायलाच उशीर लागला होता. पावसाळाभर सईदाने तिच्यावर मेहनत घेतली, तेव्हा कुठे उशांच्या आधाराने ती कंबर सावरू लागली होती. आता खंड पडला तर सगळं पाण्यात.

"मग लेकरं आणून दाखव," मॅडम म्हणाल्या. त्या वाईट नव्हत्या, त्यांनाही वर उत्तर द्यायचं होतं. "दिवाळी झाली की येते मी."

सईदा दुसऱ्याच दिवशी तांड्याकडच्या जीपमध्ये बसली.

"मास्टरनी अब घर घर हाजिरी लेंगी क्या?" हबीबने दुकानातूनच चिडवलं.

"बच्चे नहीं आते तो स्कूल उनके घर जाएगा," तिने तिथल्या तिथे सुनावलं.

वेचणीमुळेच येत नसतील, असं तिला वाटत होतं. बाकी अडचण असायचं कारणच नव्हतं. दसऱ्यापासून केंद्राचा वार बदलून बाजाराच्या दिवशी घ्यावा, हे तिनेच सुचवलं होतं. त्या दिवशी गावोगावच्या जीपा दारव्ह्याला येतात. मॅडमनीही तिची पाठ थोपटली होती.

मोतीबाई नुकतीच वावरातून आली होती. वेचणीची ओटी अजून कमरेलाच होती.

"काहून येत नाही मोतीबाई? मी वाट पाहून राह्यली."

"बाजाराच्या दिवशी बलावता अन् मंग वाट पाहता?"

"त्या दिवशी जीप असते न."

"जीप असते, जागा कुठं असते? पोते, कोंबड्या, वरून मानसं. पोरगी मांडीवर ताठ होते, कोनाले लाथ लागली का 'आवर तिले'. खाली उतरलं का सारा बाजार पुसते, काय झालं हिले, कोनाची नजर लागली. मी सांगत बसू का भाजी घेऊ? अन् चुकारा बी त्याच दिवशी वाटतेत. मी तुमच्या सतरंजीवर बसली तर माह्या मजुरीचे पैसे तुमी आनून देता का?"

हे सईदाच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिचं घर बाजारापासून दोन गल्ल्यांवर. जन्मभर तिच्यासाठी बाजार म्हणजे पिशवी उचलायची आणि निघायचं.

"शिव्या पोटभर देल्या, आता पोरगी पाहा," मोतीबाई हसली आणि तिला आत घेऊन गेली.

खोली आढ्यापर्यंत कापसाने भरली होती. त्या ढिगात पोरीच्या आजोबांनी, किसनसिंगने, हाताने खळगा केला होता आणि त्यात छातीपर्यंत रुतून राखी बसली होती. दोन्ही हात मोकळे. चमच्याने ताटली बडवणं चाललं होतं.

सईदाने आत हात घालून तिची पाठ चाचपली. सरळ होती! मांड्यांवर मात्र कापसातल्या किड्यांनी लाल पुरळ उठवलं होतं.

"गाडी आली का कापूस जाईन," मोतीबाई म्हणाली. "मंग छोरीचं बसनं बी जाईन."

"नाही जाऊ देत," सईदा म्हणाली.

संध्याकाळी ती घरी न जाता आधी दुकानात शिरली आणि जुन्या टायरांच्या ढिगाशी उकिडवी बसली. हबीब कपाळाला हात लावून बघत राहिला. पहिल्यांदा तिने मोटारसायकलचा टायर नेला, त्यातून राखी घसरून खालीच गेली. मग स्कूटरचे दोन टायर एकावर एक बांधले, आत चिंध्या भरल्या, वरून जुन्या गोधडीचं कापड शिवलं. ते बरोबर बसलं. पुरळावर रोज खोबरेल लावायलाही तिने मोतीबाईला बजावलं.

दिवाळी झाली, मॅडम आल्या. सतरंजी रिकामीच होती. सईदाने त्यांना टेकूही दिलं नाही, थेट तांड्यावर नेलं. नेमका त्याच सकाळी कापूस गेला होता. मोकळ्या खोलीत कोपऱ्याकोपऱ्याला कापसाचे थोडे पुंजके उरले होते, आणि मधोमध टायरात राखी बसली होती. मॅडम खाली बसल्या. बराच वेळ राखीला ताटली देत घेत राहिल्या.

"छान बसते," त्या हळूच म्हणाल्या. "पण हजेरी केंद्राची लागते, सईदा."

"मंग केंद्र इथं आना. अन् दारव्हा बंदच करायचं असन, तर इथं बसून, हिच्या समोर लिहा."

मॅडमनी तिच्याकडे रोखून पाहिलं. मग पेन काढलं. "संक्रांतीपर्यंत करून पाहू. लेकरं आली तर योजनेत हेच घालू. वार कोणता? वेळ?"

सईदाने तोंड उघडलं आणि मिटलं. "मोतीबाई सांगतीन."

"वार कोनताबी ठेवा, बाजाराचा सोडून," मोतीबाई म्हणाली. "पन सकाळी. दव हाय तोवर आमी कापसाले हात लावत नाही. ओला कापूस कोन घेते? तोवर आमचे हात रिकामे."

मॅडमनी तसंच लिहिलं.

पहिल्या सकाळी हबीबने थंडीत कुडकुडत, "मेरी नींद का क्या?" म्हणत सईदाला मोटारसायकलवर तांड्यावर सोडलं. तिने अंगणातल्या कोवळ्या उन्हात राखीला बसवलं, आणि शेजारी टायरांची दुसरी जोडी मांडून ठेवली. पलीकडच्या दारातून रुपीबाई बघत होती. तिच्या कडेवर नातू होता, मान खांद्यावर टाकलेला. त्याला तिने कधीच दारव्ह्याला आणलं नव्हतं.

बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "ते टायर कोनासाठी?"

"जो येईन त्याच्यासाठी," सईदा राखीचे पाय सावरत म्हणाली. वर पाहिलंही नाही.

रुपीबाईने शेताकडे पाहिलं, मग नातवाकडे.

"दव वाळून राह्यलं," ती पुटपुटली, आणि त्याला घेऊन अंगणात आली.