आडतीवर आलेले तीन कॉल

माझ्या लग्नाला चार महिने झाले होते. विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा पेटला होता, एसटी बंद होती आणि टपालाचा काही भरवसा नव्हता. माझा धाकटा भाऊ औरंगाबादला वसतिगृहात राहायचा. तो नामांतराच्या बाजूचा, त्यात तोंडाचा फटकळ, म्हणजे मार खायला एवढं पुरे. गाड्या बंद व्हायच्या आदल्या दिवशी त्याचं कार्ड आलं, की रोज अकराच्या सुमारास फोन करतो, काळजी करू नकोस.

मानवतला आमच्या घरात फोन कुठला? पुढे आडत दुकान आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही भाडेकरू. फोन दुकानात. तो मुनीमजींनी उचलायचा आणि आमचा असला तर मागे हाक मारायची, अशी रीत होती.

तीन दिवस मी अकरा वाजता मधल्या दाराशी तांदूळ निवडत बसले. तिन्ही दिवस घंटी वाजली, मुनीमजी दोन शब्द बोलले आणि फोन ठेवला. विचारलं तर म्हणाले, तुमचा नव्हता. सासऱ्यांनी दोनच दिवसांपूर्वी जेवताना बजावलं होतं, की भावाच्या नादाने आपल्या घरावर बालंट नको. मला दोन अधिक दोन करायला वेळ लागला नाही. त्यांनीच मुनीमजींना सांगून ठेवलंय, असं मी धरून चालले. तिकडे भावाचं डोकं फुटलंय की तो कोठडीत आहे, हेही कळू देणार नव्हते. माझं अंगच पेटलं.

चौथ्या दिवशी दहा वाजता फोनमधल्या खरखरीसाठी लाईनमन दुकानात आला. मी पदर सारखा केला आणि सरळ दुकानात गेले. सून दुकानात उतरल्याचं बघून सासूबाई मागून धावत आल्या. मी लाईनमनला म्हटलं, औरंगाबादचा फोन लागत नाही, नीट बघा. त्याने बॅटरी बदलली, तारेचा सैल जोड घट्ट केला, बाहेर खांबावरही चढून आला. खरखर गेली, पण फोन न येण्याजोगं काही सापडलं नाही. शेवटी त्याने एक्स्चेंजमधल्या ऑपरेटरला विचारलं, आणि ऐकता ऐकता मुनीमजींकडे बघायला लागला.

औरंगाबादहून तीन ट्रंककॉल आले होते. तिन्ही पीपी, म्हणजे नाव सांगितलेला माणूस आला तरच जोडून देतात तसे. तिन्ही वेळा इकडून नकार गेला होता.

सगळ्या दुकानाची नजर मुनीमजींवर. ते बिचारे गोरेमोरे झाले. म्हणाले, "कुण्या कुमारीला इचारायलेत. हितं कुमारी कोण हाय?" आणि त्यांनी कुमारीच्या पुढचं नाव उच्चारलं.

ते माझं नाव होतं. माहेरी चारठाण्याच्या शाळेतलं, दाखल्यावरचं. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने दुसरं नाव लिहिलं, आणि त्या दिवसापासून या घरात ते पहिलं नाव कोणी घेतलं नव्हतं. सासूबाईंनाही ते लगेच आठवलं नाही. ज्यांच्या नावाने मी तीन दिवस बोटं मोडली, त्या सासऱ्यांचा यात काडीचाही हात नव्हता. मला लाज वाटली आणि त्याहून जास्त रडू आलं.

"मुनीमजी, ती मीच हाय," मी म्हणाले.

अकरा वाजून गेले. साडेअकरा झाले. तीनदा नाही ऐकल्यावर तो चौथ्यांदा कशाला पैसे घालवेल, असं वाटत होतं. लाईनमनचं काम संपलं होतं, तरी तो पिशवी आवरत बसून राहिला. बाराला घंटी वाजली. मुनीमजींनी ऐकलं, "हायेत, हायेत," म्हणाले आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. ऑपरेटरने विचारल्यावर मी माझं पहिलं नाव, वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव, सगळं सासूबाईंदेखत सांगितलं.

"अक्का," भावाचा आवाज बसला होता, "तीन दिवस म्हणायलेत, या नावाचं हितं कोणी न्हाई. मला वाटलं, तुलाच काही झालं."

तो धडधाकट होता. मी त्याला आधी घसा दुखेस्तोवर शिव्या घातल्या. मग सांगितलं, की उद्यापासून इथल्या नावाने फोन मागव.

"न्हाई मागवणार," तो म्हणाला. "त्या बाईला मी वळखत न्हाई."