शिट्टीविना लेझीम

आमचे सासरे बाबुराव हट्टी आहेत, हे डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत कुणालाही विचारा. अठ्ठावीस वर्षं त्यांनी मिलमध्ये साचे चालवले, कापड विणलं. मिल बंद झाल्यावर चाळीतल्या मुलींचं लेझीम पथक उभं केलं. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत पथक पुढे आणि बाबांची शिट्टी त्याच्याही पुढे.

गेल्या ऑक्टोबरात तंबाखूनं डाव साधला. घशाचं ऑपरेशन झालं, आवाज गेला. श्वास आता गळ्याच्या भोकातून, म्हणजे शिट्टीही गेली. शुद्धीवर आल्यावर त्यांनी मला दोन बोटं कात्रीसारखी हलवून दाखवली. मला काही कळलं नाही, मी नर्सला बोलावलं.

जानेवारीत मंडळाचा सेक्रेटरी वैभव घरी आला.

"काका, यंदा शिट्टी मी घेतो. तुम्ही आरामात खुर्चीत बसून बघा ना."

बाबांनी त्याला सरळ दार दाखवलं, मला चहासुद्धा विचारू दिला नाही. मला मात्र वैभवचंच पटत होतं, हे कबूल करते.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी मुलींना गच्चीवर जमवलं. साच्यांच्या खडखडाटात कामगार हातानंच बोलायचे. त्या खुणा बाबांनी करून दाखवल्या आणि अर्थ पाटीवर लिहिले. मिशीवरून बोट फिरलं की मुकादम आला, म्हणजे प्रकार बदला. बोटांची कात्री म्हणजे धागा तुटला, थांबा. चिमूट पिळली की गाठ मारली, चालू करा. तेव्हा कुठे मला हॉस्पिटलातली ती बोटं समजली. खाली येऊन मी मनसोक्त रडले.

मुली आधी फिदीफिदी हसल्या. बाबांनी तीन महिने रोज तासभर पिदडल्यावर हसणं आपोआप थांबलं.

मिरवणुकीत भोईवाड्याच्या नाक्यावर डीजेचा ट्रक आमच्या बाजूला घुसला. आमची हलगी त्यात बुडाली. वैभव 'लागली तर असावी' म्हणून शिट्टी घेऊन आलाच होता. त्यानं गाल फुगवून फुंकली, पण शेजारी उभ्या मलाही ती ऐकू आली नाही. मागच्या पथकाची रांग पार विस्कटली. आमच्या मुलींची नजर बाबांवरून हलली नाही. बाबांनी हातानं ताल धरला, मग मिशीवरून बोट फिरवलं, आणि चोवीस लेझिमी एकदम वळल्या.

ट्रक पुढे गेला. वैभवनं गुपचूप शिट्टी खिशात टाकली. बाबांनी गर्दीत मला शोधलं, हात उंच केला आणि चिमूट पिळली.

मीही पिळली.