निखिलने घासलेले हेड

किस्से कुठे साठतात, हा माझ्या अभ्यासाचा जुना विषय आहे. माझा अनुभव असा की ते समारंभांत फारसे साठत नाहीत. माणसांना काम थांबवून कशाची तरी वाट पाहावी लागते, तिथे ते साठतात. पूर्वी मला ते दळणाच्या गिरणीत मिळत, हल्ली वालीवच्या एका गाळ्यात मिळतात. तिथे जुन्या गाड्यांची इंजिने बांधली जातात, आणि प्रत्येक इंजिनाला कोणता ना कोणता पार्ट यायचा राहिलेलाच असतो.

मी तिथे गेलो सांतानकडून वसईच्या ख्रिस्ती गावांतली लग्नगीते उतरवून घ्यायला. सांतान साठीचा, हेडचा कारागीर. हातात ग्राइंडर असल्याशिवाय त्याला गाणे आठवत नसे, आणि ग्राइंडर चालू असला की मला ऐकू येत नसे. गीते राहिली. किस्से मात्र जमत गेले.

* * *

हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग. हवा आत येण्याच्या आणि धूर बाहेर जाण्याच्या वाटा त्यातून जातात. त्यांना पोर्ट म्हणतात. ते आतून घासून मोठे आणि गुळगुळीत केले की जुनी गाडीही जोरात पळते. हौशी मालक यासाठीच येतात.

असाच एकजण आला आणि विचारू लागला, पॉवर नक्की वाढेल ना? सांतानचा भागीदार जनार्दन इंजिन बांधतो. त्याने नट आवळता आवळता सांगितले, "पॉवर वाढेल. ब्रेक जुनेच हायेत, तेवढं घरी सांगून ठेवा."

तो मालक हसला. जनार्दन हसला नाही.

* * *

विनायकरावांनी हेड आणले ते चादरीत गुंडाळून. ते नोकरीतून निवृत्त झालेले, नालासोपाऱ्यात राहणारे. त्यांच्या मुलाने, निखिलने, जुनी फियाट घेतली होती. व्हिडिओ पाहून त्याने घरच्या गॅलरीत हेड घासायला घेतले. निम्मे पोर्ट झाले, आणि एका सकाळी कामावर जाताना महामार्गावर त्याच्या बाईकला ट्रकने उडवले.

"उरलेलं पुरं करा आणि गाडी चालू करून द्या," विनायकराव म्हणाले. "त्याने केलंय त्याला मात्र हात लावू नका."

सांतानने पोर्टमधून बोट फिरवले. "पोराचा हात जड होता."

जनार्दनने डोळे वटारले. विनायकराव मात्र शांतपणे म्हणाले, "सगळंच जड होतं त्याचं. जिना उतरायचा तर खालच्या मजल्यावरचे तक्रार करायचे."

* * *

पोर्टच्या भिंतीपलीकडे इंजिन थंड ठेवणारे पाणी खेळते. भिंत किती उरली, हे सांतान छोट्या पान्याने ठोकून, आवाजावरून ओळखतो. निखिलच्या पोर्टमध्ये त्याने एका जागी ठोकले, थांबला, पुन्हा ठोकले.

विनायकराव तेव्हा चहा घ्यायला बाहेर गेले होते. जनार्दन म्हणाला, "सांगून टाक त्यांना."

"काय सांगू? तुमच्या पोराने जाता जाता हेडपण मारलं?"

शेवटी सांगितले सांताननेच. भिंत कागदासारखी झाली आहे. वेल्डिंगने धातू भरता येईल, पुन्हा घासता येईल, हेड उत्तम होईल. पण मग मुलाने घासलेले काही शिल्लक राहणार नाही.

"न भरता चालेल?"

"चालू होईल. टिकणार नाही."

"किती टिकेल?"

"ते कसं सांगणार, साहेब?"

"बरोबर आहे," विनायकराव म्हणाले. "भरू नका."

* * *

त्यांच्या सोसायटीतल्या एका सद्गृहस्थाने कुर्ल्याच्या बाजारातून दुसरे, धडधाकट हेड शोधून दिले. हेतू चांगलाच होता. विनायकरावांनी ते पाहिले, आभार मानले आणि परत पाठवले. "याने गाडी चालेल," ते म्हणाले, "त्याची गाडी नाही चालणार."

ते गेल्यावर जनार्दन मला म्हणाला, "सर, लोक अस्थी नदीत सोडतात. हे इंजिनात बसवायला निघालेत. असं कुठल्या पुस्तकात हाय का?"

मृताच्या वस्तू जपण्याच्या, वाटण्याच्या आणि जाळण्याच्या कितीतरी चाली माझ्या नोंदींत आहेत. मृताचे चुकलेले काम चुकीसकट पुढे नेण्याची चाल मला आठवेना. मी नाही म्हणालो.

* * *

उरलेले पोर्ट सांतानने घासले. ते पाहून जनार्दनचा पाराच चढला. कारण ते निखिलसारखे होते: कडेला ओरखडे, मध्ये तशीच खोल गेलेली जागा. आयुष्यभर आरशासारखे पोर्ट काढणाऱ्या माणसाने शिकाऊ हाताची हुबेहूब नक्कल केली होती.

"डोकं फिरलं का तुझं? चांगली भिंत पन पातळ केलीस?"

"सगळे पोर्ट सारखे नसले तर इंजिन तालात चालत नाही."

जनार्दन माझ्याकडे वळला. "खोटं बोलतोय, सर. ताल असा येत नाय."

* * *

गाडी चालू करायच्या दिवशी सुनंदाबाई आल्या. निखिलची आई. त्यांनी तोवर गाळ्यात पाऊल टाकले नव्हते. गाडीचे नावही त्यांना सहन होत नाही, असे विनायकरावांनीच सांगितले होते. त्या थेट गाडीत, स्टिअरिंगवर बसलेल्या विनायकरावांच्या शेजारच्या सीटवर बसल्या.

इंजिन सुरू झाले. आवाज भरदार होता, शेजारच्या गाळ्यांतली माणसेही दारात आली. विनायकरावांनी अॅक्सिलरेटर दाबला, सोडला, पुन्हा दाबला. ते समोरच्या भिंतीकडे पाहत होते.

मग मागून पांढरा धूर येऊ लागला. "पानी गेलं आत," जनार्दन खिडकीशी धावला. "बंद करा, काका."

विनायकरावांचा हात चावीकडे गेला. सुनंदाबाईंनी तो धरला. "राहू दे. आपलं आपण थांबेल."

धुराने गाळा भरला. इंजिन अडखळले, एकदा हिसका देऊन चालले, आणि बंद पडले.

सुनंदाबाई खाली उतरल्या आणि सांतानसमोर उभ्या राहिल्या.

"फुटलं ते कुणाचं? त्याने घासलेलं, की तुम्ही?"

"माझं, वहिनी," सांतान म्हणाला.

हेड तेव्हा इंजिनावरच होते. त्याचा एकही नट अजून उघडला नव्हता.