दोन माणसांसाठी बदक

नाताळच्या आदल्या दिवशी घरमालकीणबाई पाकीट घेऊन दारात उभ्या राहिल्या आणि मी त्यांना म्हणालो, "हे मी हातात घेणार नाही. पोस्टानं पाठवा."

माझी जर्मन वाक्यं एरवी अर्ध्यात दम सोडतात. हे मात्र शेवटच्या क्रियापदासकट धडधडीत बाहेर पडलं, कारण ते आठवडाभर पाठ केलं होतं. ऑफिसातल्या एका सोलापूरकर मित्रानं बजावलं होतं, घर सोडायची नोटीस हातोहात घ्यायची नाही, घेतलीस की मुदत सुरू. बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा पाकिटाकडे. पाकिटावर सोनेरी कागदाचा तारा चिकटवलेला होता. तेवढ्यात माझ्या काखेखालून आमच्या कन्येनं, वय वर्षं नऊ, हात घालून पाकीट घेतलं, "डांके" म्हटलं आणि मला जर्मनमध्येच सुनावलं की बाबा, हे गिफ्ट आहे.

आत एक कार्ड. गल्लीच्या टोकाच्या गास्टहाउसमध्ये नाताळच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी सहा वाजता, दोन माणसांसाठी टेबल राखून ठेवलंय. बदकाचं जेवण, मेणबत्तीच्या उजेडात. मुलीकडे मी बघेन.

"अय्या, किती छान!" बायको म्हणाली.

माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली. हेर्त्सोगेनआउराखमधल्या त्या घरात आम्ही पाच वर्षं वरच्या मजल्यावर राहत होतो. जिना पुसायची पाळी आमची असताना तो न पुसताच सोमवार उजाडला, तर बाई न बोलता बादली आमच्या दारासमोर आणून ठेवत. अशी बाई आम्हाला बदक का खिलवेल? त्यात ऑक्टोबरात त्यांचा मुलगा दोन सुटकेसी घेऊन आईकडे परतला होता. तो काय करतो हे मला माहीत नव्हतं. त्याचं लग्न मोडलंय एवढं मात्र पक्कं माहीत होतं. आणि जर्मनीत एक शब्द आहे, आयगनबेडार्फ. म्हणजे मालकाला आपल्याच माणसासाठी घर हवं असेल, तर भाडेकरूनं चालू लागायचं.

आधीची तीन घरं अशीच सुटली होती. या घरी सामान लावून झालं तेव्हा बायको खुर्चीत बसून म्हणाली होती, "आता मी पुन्हा खोकी भरणार नाही. तुम्ही खुशाल जा कुठे जायचं तिथे." लेकीची शाळा चार मिनिटांवर होती, वर्गात तिला दोन जिवाभावाच्या मैत्रिणी मिळाल्या होत्या. मी आपला खबरदारी घेऊन होतो. सात खोकी तळघरात न उघडता ठेवली होती आणि भिंतीत एक खिळा ठोकू दिला नव्हता. भाड्याचं घर, उद्या भोकं कोण बुजवणार? आमचा गणपती पाच वर्षं फ्रेमसकट कपाटाला टेकून उभा होता.

ठरल्या दिवशी पावणेसहाला बाई वर आल्या. मुलीला खाली न नेता स्वतः वर आल्या, हे मी टिपून ठेवलं. बायको हिरवी रेशमी साडी नेसली होती, वर जाड कोट. जिन्यात ती म्हणाली, "लग्नानंतर असं दोघंच कधी गेलो होतो हो आपण?" मी म्हटलं, "यांनी नेमकं आपल्या दोघांनाच घराबाहेर का काढलंय?"

तिनं कोटाचं शेवटचं बटण लावलं आणि जिना उतरू लागली.

गास्टहाउसमध्ये लाकडी बाकं, खिडकीत कागदाच्या चांदण्या, कोपऱ्यातलं टेबल आमचं. वाढणाऱ्या बाईनं मेणबत्ती लावली आणि माझ्याकडे बघून हसली. ही पण सामील असेल का, असं मला वाटून गेलं. सूप आलं. त्यात धिरडं कापून सोडल्यासारख्या पट्ट्या तरंगत होत्या.

"बघा तरी! शिळ्या धिरड्यांची सोय झाली," बायको खुशीत म्हणाली. "उद्या करून बघते."

"खाली त्यांचं एवढं मोठं घर आहे. मुलीला तिकडे का नाही नेलं?"

"सूप घ्या."

"घेतो. पण निरोप देताना लोक असंच गोडधोड खायला घालतात. आपल्याकडे सेंडऑफला नाही का, आधी हार, मग बटाटेवडा."

"अहो, बाई चांगल्या मनाच्या आहेत."

"बादली ठेवणाऱ्या?"

तिनं चमचा खाली ठेवला. मेणबत्तीच्या उजेडात ती बरी दिसत होती, हे मला दिसलंही. पण माझ्या डोक्यात त्या वेळी भाडेकराराचं वाचन चालू होतं. कलम कुठलं, मुदत तीन महिने की सहा? शेवटी मला बसवेना. मी म्हटलं, "ऑफिसातून फोन यायचाय. बाहेर जाऊन येतो जरा."

नाताळच्या सुट्टीत जर्मन ऑफिसातून फोन! याहून फाटकी थाप मी आयुष्यात मारलेली नाही. ती फक्त म्हणाली, "कोट घालून जा."

कोट न घालताच मी धावलो. सात मिनिटांचा रस्ता, बर्फ पडून गोठलेलं, पायात गुळगुळीत तळव्याचे सणासुदीचे बूट. दोनदा घसरलो, एकदा कुणाच्या तरी कुंपणाला मिठी मारली. घरासमोर उभा राहून वर पाहिलं. लेकीच्या खोलीत लख्ख उजेड. बाईंचा मुलगा घडीची पिवळी मोजपट्टी भिंतीवर धरून उभा होता. बाई कागदावर आकडे लिहीत होत्या. आणि मोजपट्टीचं दुसरं टोक धरलं होतं माझ्या पोटच्या पोरीनं, जीभ बाहेर काढून, अगदी मनापासून!

म्हणजे आम्ही अजून भाडेकरू असतानाच आमच्या घराची मापं चालली होती.

परत आलो तेव्हा टेबलावर बदक येऊन बसलं होतं, शेजारी बटाट्याचा मोठा पांढरा गोळा आणि लाल कोबी. बायकोनं आपलं ताट तसंच ठेवलं होतं. रश्शावर साय धरली होती.

"आला फोन?"

"आला."

"काय म्हणाले?"

मला थाप पुढे नेता येईना. "आपलं घर गेलं," मी म्हणालो आणि पाहिलेलं सगळं सांगितलं. मोजपट्टी, आकडे, लेकीची फितुरी. सांगताना माझा आवाज जरा कापला असावा, कारण शेजारच्या टेबलावरच्या आजीबाईंनी मान वळवली.

बायकोनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तो सुतार आहे हो."

"असेना का! सुताराला घर लागत नाही?"

"तो दुसऱ्या गावी चाललाय जानेवारीत. त्याला नोकरी लागलीय. तुमच्या लेकीला माडीचा पलंग हवाय, खाली अभ्यासाचं टेबल, वर झोपायचं. दोन वर्षं मागतेय. तुम्ही दर वेळी काय म्हणता? भाड्याच्या घरात भिंतीला पलंग ठोकायचा नाही. मग मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, खुशाल ठोका, तुम्ही कुठे जाताय? जायच्या आधी तो करून देतो म्हणाला."

"मग मला सांगायचं की."

"सांगितलं असतं तर तुम्ही त्याच्या डोक्यावर उभे राहून भोकं मोजली असती. म्हणून तुम्हाला बाहेर काढायचं ठरलं."

"कुणाचं ठरलं?"

"माझं," ती म्हणाली. "हे जेवणही मीच ठरवलं. कार्ड तेवढं त्यांना लिहायला सांगितलं. मी म्हटलं असतं, चला जेवायला जाऊ, तर तुम्ही म्हणाला असता, घरी आमटी आहे."

मी तेच म्हणालो असतो. शब्दन् शब्द तेच.

म्हणजे माझा संशय तसा बरोबर होता. आम्हाला घराबाहेर काढायचा कट होता, साथीदार होते, फितूर होती. फक्त कटाची सूत्रधार हिरवी साडी नेसून दीड तास माझ्यासमोर बसली होती आणि मी तिच्याकडे सोडून सगळीकडे पाहत होतो. वाढणारी बाई ताटं गरम करून आणू का म्हणून विचारायला आली. बायकोनं नको म्हटलं. आम्ही ते गार बदक खाल्लं. मी दोनदा "छान आहे" म्हणालो. साडीही छान आहे, असं म्हणायला गेलो, पण त्या क्षणी ते मलाच लबाडीचं वाटलं.

परतताना तिनं माझा दंड धरला होता, पण तो रस्ता निसरडा म्हणून. घराच्या कोपऱ्यावर आल्यावर ती थांबली. वर लेकीच्या खोलीत अजून दिवा होता.

"पुढच्या नाताळात," ती म्हणाली, "मी बाईंना घेऊन जाईन जेवायला. तुम्ही घरी बसा आणि जिना पुसा. तेव्हा आपलीच पाळी असेल."